रिंगणात कोण आणि बाहेर कोण?



ऑगस्टच्या मध्यावर आमच्या थोरल्या काकांच्या जलदान विधीसाठी श्रीवर्धनकडच्या गावी गेले होते. पाऊस धरून होता. विधी झाला, शोकसभा झाली, मुंबईची मंडळी दुपारच्या एस.टी.ने परत फिरली. घरचीच दहा-बारा माणसे पडवीत बसलो होतो. बोलण्यासारखे काही उरले नव्हते. तेवढ्यात माझी बारावीतली पुतणी मोबाईल घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली.

"आत्या, हे बघ. जपानची माणसं. मेलेल्या माणसांच्या आठवणीसाठी नाचतायत. आणि हा बौद्धांचा सण आहे असं लिहिलंय. मग आपण का नाय नाचत?"

मी पाहिले. मैदानाच्या मधोमध लाकडी मचाण, त्यावर मोठा ढोल, वरून कागदी कंदिलांच्या माळा. भोवती रिंगण करून म्हातारे, बायका, लहान पोरे, सगळे एका ठेक्यावर हात हलवत पुढे सरकत होते. सुतळीएवढीही घाई नाही. बघता बघता सगळी पडवी त्या एवढ्याशा पडद्याभोवती गोळा झाली.

काकी म्हणाल्या, "माणूस गेलं आणि नाच कसला गो?"

धाकटे काका, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, ते जरा कडक आवाजात बोलले, "पितरांचं म्हणजे श्राद्धच ते. बावीस प्रतिज्ञा घेतल्यात आपण. ते आपल्याला नको."

मुलगी गप्प बसली. पण तिचे डोळे वर माळ्याकडे गेले. तिथे आमच्या आजोबांची ढोलकी टांगलेली आहे. मला कळते तेव्हापासून ती तिथेच आहे. तिचे पान फाटले आहे, दोऱ्या सैल पडल्या आहेत. मी तिला म्हटले, "बाळ, तुझा प्रश्न चांगला आहे. मी वाचते, विचारते आणि मग सांगते." आजचे हे सदर म्हणजे तिला दिलेले उत्तर आहे. तात्यांनाही ते आहेच.

या सणाला जपानी लोक 'ओबोन' म्हणतात आणि त्यातल्या नाचाला 'बोन ओदोरी'. बहुतेक जपानात तो १३ ते १६ ऑगस्टला होतो. तोक्यो शहरात तो जुलैमध्येच उरकतात. पूर्वी जपानचे पंचांग चंद्रावर चाले व हा सण सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला येई. १८७३ साली तिथे इंग्रजी कॅलेंडर आले आणि तारखांची अशी फाटाफूट झाली.

सणाच्या आधी घरची माणसे कबरी धुऊन-पुसून काढतात. १३ तारखेला दारात लहानसा विस्तव पेटवतात, म्हणजे गेलेल्यांना घर सापडावे. १६ तारखेला पुन्हा विस्तव पेटवून निरोप देतात. क्योतो शहरात त्या रात्री पाच डोंगरांवर मोठमोठे जाळ करतात. काही ठिकाणी कागदी कंदील नदीत किंवा समुद्रात सोडतात. पुष्कळ घरांत काकडीला चार काड्या टोचून घोडा करतात आणि वांग्याला काड्या टोचून गाय. घोड्यावर बसून माणसाने लवकर घरी यावे आणि जाताना गाईवर बसून सावकाश जावे, अशी त्यामागची भावना. हे ऐकून आमच्या काकींच्या डोळ्यांत पाणी आले. "सावकाश जावं," एवढेच त्या पुटपुटल्या.

सणामागची गोष्ट आपल्या ओळखीच्या माणसाची आहे. बुद्धांचे दोन अग्रश्रावक, सारिपुत्त आणि मोग्गल्लान. यातल्या मोग्गल्लानांची ही गोष्ट 'उल्लंबन सूत्र' नावाच्या चिनी ग्रंथात येते. मोग्गल्लानांना आपली मृत आई भुकेने तळमळताना दिसली. त्यांनी तिच्यापुढे भात ठेवला, पण घास तोंडाशी नेताच त्याचे निखारे झाले. ते बुद्धांकडे गेले. बुद्धांनी सांगितले की, तुझ्या एकट्याच्या बळावर हे होणार नाही. वर्षावास संपेल त्या दिवशी सगळ्या भिक्खूसंघाला भोजनदान कर. त्यांनी दान केले, आई सुटली आणि मोग्गल्लान आनंदाने नाचू लागले. बोन ओदोरीची सुरुवात तिथून झाली असे जपानी लोक सांगतात. जपानात हा सण सातव्या शतकापासून असल्याचे दाखले आहेत.

पाली त्रिपिटकात ही कथा अशा रूपात नाही. भूत, प्रेत, आत्मा या गोष्टी आपण मानत नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात आत्म्याचा प्रश्न निकालात काढला आहे. तेव्हा गेलेली माणसे काकडीच्या घोड्यावरून येतात, हे काही आपल्याला पटायचे नाही. इथे तात्यांचे म्हणणे खरे आहे.

पण गोष्ट नीट पाहा. आईने खावे म्हणून तिच्यापुढे ठेवलेल्या घासाचे निखारे झाले. जिवंत माणसांना जेवू घातले तेव्हा तिची सुटका झाली. पिंड ठेवून, मंत्र म्हणून ती सुटली असे या कथेतही नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची जी प्रतिज्ञा लाखो लोकांनी घेतली, तिच्या आड ही गोष्ट येत नाही. आपण जलदानाला काय करतो? त्रिसरण-पंचशील घेतो, शोकसभेत चार माणसे गेलेल्याचे गुण सांगतात, घरचे लोक ऐपतीप्रमाणे विहाराला, शाळेला दान देतात. म्हणजे आठवण आहे, दान आहे आणि सगळी वाडी एकत्र आहे. फक्त नाच नाही.

नाच आला तो भिक्खूंबरोबर. तेराव्या शतकात इप्पेन नावाचा एक भिक्खू गावोगाव हिंडत असे. बुद्धाचे नाव घेत, घंटा वाजवत तो आणि त्याची माणसे नाचत. त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १२९९ साली, त्याच्या प्रवासाची चित्रे काढलेली एक लांबलचक गुंडाळी तयार झाली. त्या चित्रांत सरदार आहेत, तसेच भिकारी आणि कुष्ठरोगीही आहेत. पुढे हा नाच गावोगाव पितरांच्या सणाशी जोडला गेला.

आज कामगारही त्यात आपले गाणे म्हणतात. बोन ओदोरीतले सर्वांत माहितीचे गाणे कोळशाच्या खाणीतले आहे. ते क्युशू बेटावरच्या खाणकामगारांचे. नाचताना हातांनी कोळसा खणायचा, फावड्याने खांद्यामागे टाकायचा, कपाळावर हात धरून चंद्र बघायचा आणि गाडी ढकलायची. ज्या मीइके खाणीचे नाव त्या गाण्यात आहे ती खाण १९९७ मध्ये बंद पडली, पण खाण कधी न पाहिलेली शाळकरी पोरेसुद्धा दर वर्षी हाताने ती गाडी ढकलतात. आपल्या किनाऱ्यावर कोळी नाचात वल्ही मारतात, त्यातलाच हा प्रकार. कष्ट संपतात, पण हाताला ते आठवतात.

आणि चाकरमानी! ओबोन आला की जपानातल्या शहरांतले कामगार गावाकडे निघतात, गाड्या भरून वाहतात. हे आपल्या रायगड-रत्नागिरीच्या माणसाला वेगळे सांगायला नको. मुंबईचा चाकरमानी गणपती-शिमग्याला गावी येतो आणि जाखडीचे रिंगण धरतो. मधोमध ढोलकीवाला, झांजवाला आणि गाणारा शाहीर बसतो, भोवती पायात घुंगरू बांधून पोरे फिरतात. एक शक्तीवाला, एक तुरेवाला, रात्रभर सवाल-जवाब. कानात बाळी घालणाऱ्या कोकणी गड्यांचा म्हणून मुंबईकरांनी त्याला 'बाल्या नाच' म्हटले. जपानी रिंगण बघताना माझ्या पुतणीला माळ्यावरची ढोलकी आठवली, ती काही उगीच नाही.

इथपर्यंत सगळे गोड आहे. पण आपल्या घरात रिंगण म्हटले की एक प्रश्न विचारण्याची रीत आहे. बाहेर कोण उभे होते?

जपानात गिफू प्रांतात गुजो नावाचे गाव आहे. तिथला नाच जुलैपासून सप्टेंबरपर्यंत तीसहून अधिक रात्री चालतो आणि १३ ते १६ ऑगस्ट या चार रात्री पहाटेपर्यंत. २०२२ साली युनेस्कोने जपानच्या ज्या पारंपरिक नाचांना मानवजातीचा वारसा म्हणून मान दिला, त्यांत हाही आहे. तिथे असे सांगतात की, जुन्या काळी तिथल्या सरदाराने चारही वर्गांच्या लोकांनी या नाचात एकत्र यावे म्हणून उत्तेजन दिले. चार वर्ग कोणते? लढवय्ये, शेतकरी, कारागीर आणि व्यापारी.

चार म्हटल्यावर आपले कान टवकारतात, कारण पाचवा कुठे गेला हे आपल्याला विचारावेच लागते. जपानात पाचवा होता. मेलेली जनावरे ओढणे, कातडे कमावणे, प्रेतांची आणि वधस्तंभाची कामे करणे हे त्याच्याकडे होते. त्याला 'एता' म्हणत. त्या शब्दाचा अर्थ 'घाणीने भरलेला'. त्यांच्या वस्त्या वेगळ्या, लग्ने वेगळी. कित्येक गावांत गावच्या सणातही त्यांना जागा नसे. आज त्यांना बुराकू लोक म्हणतात. त्यांचा चेहरा तोच, भाषा तीच. आणि धर्म? बहुतेक सगळे बौद्धच.

बोन ओदोरीचे रिंगण ज्या ढोलावर फिरते, त्याला कातडे लागते. ते कातडे कमावणारे हात बुराकूंचे. ढोल मचाणावर सर्वांत उंच, आणि ढोल मढवणारा रिंगणाच्या बाहेर. ढोल चालतो, हात चालत नाहीत. हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. जपानात माणूस मेला की भिक्खू त्याला नवे धर्मनाव देतात. ते नाव घरातल्या पाटीवर आणि कबरीच्या दगडावर लिहितात आणि ओबोनच्या दिवसांत त्याच पाटीसमोर दिवा लावतात. बुराकूंच्या कबरींवर पुष्कळ ठिकाणी 'पशू', 'दास', 'चामडे' अशा अर्थाची अक्षरे घालून नावे दिलेली सापडली. ज्यांना वाचता येत नव्हते अशा घरांनी तोच दगड पिढ्यान्‌पिढ्या धुतला आणि त्याच्यापुढे फुले ठेवली. १९७९ साली परदेशातल्या एका जागतिक धर्मपरिषदेत जपानच्या सोतो झेन पंथाच्या प्रमुख पदाधिकाऱ्याने, आमच्याकडे आता असा काही भेदभाव नाही, असे सांगितले. त्यावर बुराकूंनी जाब विचारला. मग पंथाने कबरी आणि वह्या तपासल्या, चूक कबूल केली, माफी मागितली आणि नावे बदलण्याचे काम हाती घेतले.

बौद्ध देश आहे म्हणजे समता आपोआप आली, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. विहार बांधून समता येत नाही. ती रोजच्या वागण्यात आणावी लागते, आणि तिच्यासाठी भांडावेही लागते.

बुराकू भांडले. १८७१ च्या सरकारी हुकमाने त्यांचे ते घाणेरडे नाव कागदावर गेले, पण लग्नात आणि नोकरीत ते राहिले. ३ मार्च १९२२ रोजी क्योतो शहरात त्यांनी 'सुइहेइशा' ही आपली संघटना उभी केली. नावाचा अर्थ सपाट पाण्याप्रमाणे सगळ्यांना एका पातळीवर आणणारा संघ. त्यानंतर पाचच वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, आपल्या रायगड जिल्ह्यात महाडला बाबासाहेब चवदार तळ्यावर उतरले. दोन्हीकडे पाणीच आले आहे, बघा. तरी लढा संपला नव्हता. बुराकू वस्त्यांची नावे छापलेल्या गुप्त याद्या कंपन्यांना विकल्या जातात, नोकरी देताना त्या बघतात, हे १९७५ साली उघडकीला आले. हा भेदभाव संपवण्यासाठी २०१६ मध्ये तिथे खास कायदा करावा लागला.

आता ढोलाकडे परत येऊ. ओसाका शहरात नानिवा नावाचा भाग आहे. तिथे बुराकूंची जुनी वस्ती आणि तिथेच ढोल बनवण्याचा धंदा. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी ढोल मढवले आणि इतरांनी वाजवले. १९८७ साली तिथल्या तरुण मुलामुलींनी ठरवले की आता वाजवणारही आम्हीच. त्यांनी ढोलपथक काढले आणि त्याचे नाव ठेवले 'इकारी', म्हणजे संताप. धंदा लपवला नाही, कातडे लपवले नाही, वस्तीचे नाव सांगून ते मैदानात उभे राहिले.

हे सगळे मी फोनवर तात्यांना वाचून दाखवले. तिकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मग त्यांनी ढोलकीची गोष्ट सांगितली. मला ती अर्धीमुर्धीच ठाऊक होती.

आजोबांचा हात फार गोड होता. सणाला वरच्या आळीतून बोलावणे येई. बोलावणे कसले, हुकूमच. अंगणाच्या कडेला, पागोळ्यांखाली बसून वाजवायचे. पाऊस अंगावर. नाचणारे आत कोरड्यात. रात्र संपली की नारळ आणि तांदूळ लांबून टाकायचे. नाही गेले तर गावकी धान्य बंद करी. १९५७ साली वाडीने धम्मदीक्षा घेतली आणि त्या वर्षी बोलावणे आले तेव्हा आजोबांनी सांगितले, "ढोलकी फुटली." फुटली नव्हती. त्यांनी स्वतःच तिच्या पानावर विळा ओढला आणि ती माळ्यावर टांगली.

थोरले काका तेव्हा सतरा वर्षांचे. आजोबांनी त्यांना वाजवायला शिकवले होते. तात्या म्हणाले, "दादाचे हात शिवशिवायचे गो. मुंबईत चाळीत भीमजयंतीला रॉकेलच्या डब्यावर वाजवायचा. पण त्या ढोलकीला कधी हात लावला नाय. बाबांनी टांगली ती टांगली, म्हणायचा."

आजोबांनी पानावर विळा ओढला, हे त्या दिवशी बरोबरच होते. हुकमाने वाजणारी ढोलकी बंद होणे, हीसुद्धा एक मुक्ती होती. आपल्या पुष्कळ वाड्यांनी वाजप सोडले, मेलेली ढोरे ओढणे सोडले, ते याच हिमतीवर. आज ज्यांना ही कला बुडाल्याची हळहळ वाटते, त्यांनी आधी ती पागोळ्यांखालची रात्र आठवावी.

पण त्या ढोलकीवरचा हुकूम गेला, त्यालाही आता पासष्टाहून अधिक वर्षे झाली. आता ती फक्त आजोबांची आहे. नानिवाच्या पोरांनी आपला ढोल परत हातात घेतला, तसा आपल्यालाही घेता येईल. देवाच्या नावाने नको, पितरांना बोलावण्यासाठी नको. काकांच्या पहिल्या पुण्यस्मरणाला, दान आणि भोजन झाल्यावर, आपल्याच अंगणात मुलामुलींनी रिंगण धरले आणि बुद्ध-भीमाची गाणी म्हटली, तर कुठली प्रतिज्ञा मोडते? मला तरी एकही दिसत नाही. फक्त रिंगण धरताना एकदा मागे वळून पाहावे की कोणी बाहेर उभे तर नाही ना. मग ती सून असो, वाडीखालचा आदिवासी शेजारी असो की मुलगी म्हणून थांबवलेली आपलीच पुतणी असो. आपल्याला बाहेर उभे राहणे काय असते ते ठाऊक आहे. ते दुसऱ्याला देऊ नये.

आमच्या गावापासून थोड्या अंतरावर, तळा तालुक्यात मांदाडजवळ कुडा लेणी आहेत. राजपुरी खाडीवरच्या त्या बौद्ध लेण्यांतल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत. त्यांत एक माळी आहे, कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारीही आहे. दोन हजार वर्षे होत आली, पण त्यांचा धंदा त्यांच्या नावाबरोबर मानाने दगडात उभा आहे. माणूस गेल्यावर त्याचे नाव कसे लिहावे हे आपल्याच किनाऱ्यावर लिहून ठेवले आहे. काकांचे नाव विहाराच्या दानफलकावर लागेल तेव्हा त्याखाली 'ढोलकीवादक' असे लिहावे, असे मी तात्यांना सुचवले.

परवा पुतणीचा फोन आला. तात्यांनी स्वतः शिडी लावून ढोलकी खाली उतरवली. धूळ पुसली. पान बदलायला कुठे द्यायची याची चौकशी चालू आहे. आणि तिला बजावून सांगितले आहे:

"शीक. पण कोणाचं बोलावणं आलं तर आधी विचारायचं, बसायची जागा कुठं आहे. पागोळ्यांखाली असली तर जायचं नाय."

भवतु सब्ब मंगलं.